अरोनियन–आनंद, २०१३: मेरानमधला डाव शेवटाकडून वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तेरा वर्षांची मुलगी, रेटिंग १५०० च्या आसपास, काळ्या मोहऱ्यांनी पांढऱ्याच्या डी४ या पहिल्या चालीविरुद्ध सेमी-स्लाव्ह बचाव, त्यातला मेरान प्रकार, खेळते. तिच्याकडून आनंदचा अरोनियनविरुद्धचा प्रसिद्ध डाव सोळाव्या चालीपर्यंत पाठ करून घेतला आहे. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र समोरचा खेळाडू सहाव्या-सातव्या चालीलाच वाट सोडतो, आणि मग तिचा अर्धा तास विचारात जाऊनही पुढे काय करावे ते सुचत नाही. तेव्हा हा प्रकार तिच्यासाठी फार अवघड आहे का, तो सोडून काही सोपे शिकवावे का, आणि त्या डावात एवढे विशेष काय आहे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो. प्रकार सोडण्याची गरज नाही आणि डावाची निवडही उत्तम आहे. चुकले आहे ते तो वाचण्याचे टोक. हा डाव पहिल्या चालीकडून सोळाव्या चालीकडे पाठ केला तर तो फक्त अरोनियनविरुद्धच उपयोगी पडेल, आणि अरोनियन आपल्या जिल्हा स्पर्धेत येत नाही. तोच डाव शेवटच्या स्थितीकडून मागे वाचला, तर प्रत्येक काळे मोहरे आपल्या घरात का उभे आहे हे कळते, आणि समोरच्याने वाट सोडली तरी ते ‘का’ हाताशी राहते.

डाव १५ जानेवारी २०१३ रोजी नेदरलँड्समधील वाइक आन झे या समुद्रकाठच्या गावी, टाटा स्टील स्पर्धेच्या चौथ्या फेरीत झाला. आनंद तेव्हा जगज्जेता होता आणि लेव्हॉन अरोनियन जागतिक क्रमवारीत अगदी वरच्या खेळाडूंपैकी एक. पट समोर मांडून पुढील चाली एकदा खेळून पाहाव्यात (रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा, नुसते घर म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणे, ०-० म्हणजे किल्लेबंदी; पुढे आकड्यानंतर तीन टिंबे आली तर ती काळ्याची चाल). यानंतरचे सगळे विवेचन त्यांच्याच आधारे आहे.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. ०-० ०-० १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४ शह १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३, आणि पांढऱ्याने डाव सोडला.

आता शेवटची स्थिती पाहा. पांढऱ्याचा राजा एच१ वर, प्यादी जी२ आणि एच३ वर. काळ्याचा वजीर एच५ वर, घोडा जी४ वर, एक उंट बी७ वर, दुसरा ई३ वर. काळ्याचा घोडा एच३ च्या प्याद्याच्या तोंडात आहे, तरी तो मारता येत नाही, कारण ते प्यादे हलले की एच फाईल, म्हणजे एच ची उभी रांग, उघडते आणि राजा वजिराच्या माऱ्यात येतो; म्हणजे ती चालच नियमबाह्य आहे. जी२ चे प्यादेही तसेच खिळलेले आहे, कारण बी७ चा उंट त्याच्यामागच्या राजाकडे पाहतो आहे. म्हणून काळ्याच्या वजिराने एच३ चे प्यादे मारून शह दिला, तर जी२ च्या प्याद्याने वजीर मारता येत नाही. राजाला जी१ वर जाता येत नाही, कारण तिथे दुसऱ्या उंटाचा मारा आहे. आणि एच२ वर वजिराचा मारा आहे. एका चालीत मात. पांढऱ्याने तेविसाव्या चालीला वजीर डी३ वर नेला तो एवढ्यासाठीच, की तिसऱ्या आडव्या रांगेतून एच३ चे रक्षण व्हावे आणि जमल्यास डी४ चा उंटही पडावा. आनंदने तोच उंट ई३ वर ठेवून ती रांग बंद केली, आणि जी१ वरचा मारा मात्र तसाच राहिला. पांढऱ्याच्या उंटाने ई३ वर मारले तर वजीर एच३ वर शह देतो, राजा जी१ वर जातो आणि एच२ वर मात होते. पांढऱ्याच्या वजिराने मारले तर काळ्याचा घोडा वजीर घेतो. दोन्हीकडे बंद.

तुमच्या मुलीला या स्थितीत काळ्याची कोणती मोहरी काम करत आहेत असे विचारा. ती वजीर, घोडा आणि दोन उंट म्हणेल. सी८ च्या हत्तीचे नाव ती बहुधा घेणार नाही, कारण तो अकराव्या चालीनंतर एकदाही हलला नाही. तरीही त्या हत्तीचे काम मोठे आहे. एकोणिसाव्या चालीनंतरची स्थिती मांडा आणि पांढऱ्याच्या सी३ वरच्या घोड्याकडे पाहा. तो ई२ वर गेला तर डी४ च्या त्रासदायक उंटावर मारा होईल. तो ई४ वर गेला तर बी७ च्या उंटाचा कर्ण बंद होईल. दोन्ही चाली पांढऱ्याला हव्याहव्याशा आहेत आणि दोन्ही अशक्य आहेत, कारण घोडा हलताच सी८ चा हत्ती सी२ वरचा वजीर घेतो. म्हणजे अकराव्या चालीला, कोणताही हल्ला दिसत नसताना, तो हत्ती पांढऱ्याच्या वजिरासमोर येऊन उभा राहिला, त्याचे भाडे आठ चालींनंतर वसूल झाले.

आता या मोहऱ्या तिथे पोचल्या कशा, हे पाहण्यासाठी सलामीकडे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींकडे, यावे लागते.

सेमी-स्लाव्हमध्ये काळा सी६ आणि ई६ अशी दोन प्यादी डी५ च्या मागे आधाराला ठेवतो. किल्ला भक्कम होतो, पण सी८ चा उंट आत कोंडला जातो. हा या बचावाचा मूळ दोष आहे, आणि पुढचे सारे प्रकार हा उंट बाहेर कसा काढायचा याचीच उत्तरे आहेत. मेरान प्रकाराचे उत्तर असे, की पांढऱ्याचा उंट डी३ वर येईपर्यंत थांबायचे आणि तो आला की लगेच सी४ चे प्यादे मारायचे. पांढऱ्याला त्याच उंटाने परत मारावे लागते. म्हणजे एका चालीत होणाऱ्या कामाला त्याच्या दोन चाली लागल्या. पाठोपाठ बी५ आले की उंटाला पुन्हा हलावे लागते. अशा रीतीने मिळालेल्या वेळात काळा बी७ वर उंट ठेवतो. तो तिथे गेला तरी अजून सी६ च्या आपल्याच प्याद्याने झाकलेला असतो. त्यामुळे मेरान खेळणाऱ्याच्या डोक्यात एकच चाल सतत असली पाहिजे, ती म्हणजे सी५. सी५ खेळता आले तर उंट जागा होतो, सी फाईल उघडते, पांढऱ्याचे केंद्र डळमळते. ते खेळता आले नाही तर काळा डावभर श्वास कोंडून बसतो. पांढऱ्याच्या बऱ्याच चाली सी५ ला विरोध करण्यासाठी असतात. याच डावात अकराव्या चालीच्या ए३ मागे बी४ ची तयारी आहे, आणि बी४ चा एक मुख्य हेतू सी५ या घरावर पकड ठेवणे हाच.

प्रकाराचे नाव इटलीतल्या मेरानो गावावरून पडले. तिथे १९२४ साली झालेल्या स्पर्धेत अकिबा रुबिनस्टाईनने अर्न्स्ट ग्रुनफेल्डविरुद्ध ही पद्धत वापरली आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला. स्पर्धा मात्र ग्रुनफेल्डने जिंकली. रुबिनस्टाईनचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आठव्या चालीला काळ्यासमोर तीन रस्ते असतात. जुना आणि सर्वांत भडक रस्ता ए६ चा, त्यानंतर ९. ई४ सी५ १०. ई५ सी×डी४ ११. घो×बी५ अशी मारामारी सुरू होते. ऑक्टोबर २००८ मध्ये बॉन येथे क्रामनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात आनंदने तिसरा आणि पाचवा असे दोन्ही डाव याच रस्त्याने, काळ्या मोहऱ्यांनी जिंकले. पंधराशे रेटिंगच्या मुलीला तो रस्ता आज देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे एक चाल विसरली तर डाव संपतो आणि त्यातून शिकायला काहीच मिळत नाही. दुसरा रस्ता लगेच उं-बी७, आणि तिसरा उं-डी६, जो या डावात आला. या दोन्हींमध्ये आधी राजा सुरक्षित करून मग सी५ ची वेळ निवडता येते, आणि एखादी चाल इकडेतिकडे झाली तरी आभाळ कोसळत नाही.

बाराव्या चालीपाशी जास्त वेळ थांबावे. पांढऱ्याला १२. बी४ खेळून सी५ ला विरोध करता आला असता. १२. ई४ हीही नैसर्गिक चाल आहे. तिच्यामागे ई५ ने डी६ चा उंट आणि एफ६ चा घोडा यांना एकदम धरण्याची धमकी असते, म्हणून काळा सहसा स्वतःच ई५ खेळून ते प्यादे रोखतो. अरोनियनने घोडा जी५ वर नेला. सी२ चा वजीर, डी३ चा उंट आणि जी५ चा घोडा या तिघांची नजर आता एच७ वर आहे. इथे बहुतेक क्लब खेळाडूंचा हात एच६ किंवा जी६ कडे जातो, आणि तो जाणे समजण्यासारखे आहे, कारण धमकी दिसली की तिचे निवारण करावे असेच आपल्याला शिकवलेले असते. थोडे धीट खेळाडू १२... उं×एच२ शह १३. रा×एच२ घो-जी४ शह १४. रा-जी१ व×जी५ ही युक्ती शोधतील. तीत काळ्याला एक प्यादे मिळते, पण १५. एफ३ नंतर घोड्याला मागे जावे लागते आणि १६. ई४ येताच सी१ च्या उंटाचा मारा थेट जी५ च्या वजिरावर उघडतो, म्हणजे पांढऱ्याला केंद्रही मिळते आणि वेळही.

आनंदने सी५ खेळली. पाठ करणाऱ्याला ही चाल चमत्कार वाटते, पण मेरानचे तर्कशास्त्र ज्याने मनात मुरवले आहे त्याला ती सर्वांत आधी सुचायला हवी. पांढऱ्याचा घोडा जी५ वर गेल्यामुळे काय बदलले? तो एफ३ वर असताना डी४ चे रक्षण करत होता आणि ई५ या घरावर लक्ष ठेवत होता; आता तो दोन्ही सोडून राजाच्या बाजूला एकटा निघाला आहे. केंद्राचा पहारेकरी गेला त्याच क्षणी केंद्रावर घाव घालायचा, एवढाच तो विचार. एच७ चे प्यादे ही त्याची किंमत.

१३. घो×एच७ नंतर एफ८ च्या हत्तीवर मारा आला. काळ्याने घोड्याने घोडा मारला तर १४. उं×एच७ शह, प्यादेही जाते आणि राजाही उघडा पडतो. त्याऐवजी एफ६ चा घोडा जी४ वर आला आणि डी६ च्या उंटासह एच२ वर रोखला गेला. इथे एक गोष्ट मुलीच्या लक्षात आणून द्या: हत्ती तेराव्या चालीपासून पांढऱ्याच्या घोड्याच्या तोंडात होता, पण तो मारायला अरोनियनला एकोणिसाव्या चालीपर्यंत सवड मिळाली नाही. मधल्या प्रत्येक चालीला त्याला त्याहून तातडीचे काही काम होते. पुढाकार कोणाकडे आहे हे मोजायचे याहून सोपे माप मला माहीत नाही.

१४. एफ४ ने उंटाचा एच२ कडे जाणारा कर्ण बंद झाला, पण त्याच वेळी जी१ कडे जाणाऱ्या दुसऱ्या कर्णावरचा पहारा सैल झाला. काळ्याने डी४ वर प्यादी बदलून तोच उंट सी५ वर नेला. हा उंट डी४ च्या प्याद्याच्या तोंडात आहे, हत्ती घोड्याच्या तोंडात आहे, एक प्यादे आधीच गेले आहे, आणि तरी काळ्याची स्थिती श्रेष्ठ आहे. १६. डी×सी५ घो×सी५ झाले तर डी फाईल उघडते आणि डी३ च्या उंटावर वजीर व घोडा दोघांचा मारा येतो. त्यानंतर पांढऱ्याने हत्ती मारला तर घोडा डी३ वर मारतो, आणि त्या घोड्याला पांढरा वजीर हात लावू शकत नाही, कारण डी८ चा वजीर त्याच्यामागे उभा आहे. पुढे व-डी४ शह येऊ घातलाच आहे.

अरोनियनने उंट ई२ वर नेला, जी४ च्या घोड्याला हाकलण्यासाठी, आणि मग डावातली सर्वांत देखणी चाल आली: डी७ चा घोडा ई५ वर, सरळ एफ४ च्या प्याद्यासमोर. तो मारून पाहू. १७. एफ×ई५ व×डी४ शह १८. रा-एच१ व-जी१ शह! सी५ चा उंट त्या घराला मागून आधार देत असल्यामुळे राजाला वजीर मारता येत नाही, १९. ह×जी१ भाग पडते, आणि घो-एफ२ मात. राजा स्वतःच्याच हत्तीने आणि प्याद्यांनी कोंडला गेला आहे, आणि ई२ वर नुकताच आलेला उंट सी२ च्या वजिराची एफ२ कडची वाट अडवून उभा आहे. वजिराचे बलिदान देऊन घोड्याने मात ही प्रत्येक मुलाने पुस्तकात सोडवलेली असते. इथे फरक इतकाच की सोळाव्या चालीला ती पटावर दिसत नाही, ती होण्यासाठी समोरच्याला आधी घोडा मारावा लागतो.

अरोनियनने ती टाळली आणि जी४ चा घोडा मारला. काळ्याने डी४ चे प्यादे शह देत घेतले, राजा एच१ वर गेला, उरलेल्या घोड्याने जी४ वर उंट घेतला आणि पांढऱ्याने अखेर एफ८ चा हत्ती मारला. या क्षणी पांढऱ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त आहे. काळा राजा एफ८ चा घोडा लगेच घेऊ शकतो. त्याऐवजी आलेली १९... एफ५ ही शांत चाल मला ई५ च्या घोड्याइतकीच आवडते. काळ्याला वजीर एच४ वर न्यायचा आहे, पण तो लगेच नेला तर २०. व-एच७ शह येतो आणि वजिरांची अदलाबदल होऊन हल्ला विझतो. एफ५ ने सी२ ते एच७ हा कर्ण बंद झाला आणि जी४ च्या घोड्याला आधारही मिळाला. आता धमकी खरी आहे. उदाहरणार्थ २०. घो×ई६ व-एच४ २१. एच३ व-जी३ नंतर एच२ वर मात येणार, २२. एच×जी४ केले तर वजीर एच४ वर परततो आणि मात. म्हणून अरोनियनने घोडा जी६ वर नेऊन एच४ चे घर राखले. काळ्या वजिराने एफ६ वर येऊन त्या घोड्यालाच धरले. २१. एच३ व×जी६ नंतरही घोडा मारता येत नाही: २२. एच×जी४ व-एच६, लगेच मात. शेवटच्या दोन चाली आपण आधीच पाहिल्या.

पांढऱ्याच्या तेवीस चालींचा हिशेब मुलीकडून करून घ्या. पाच चाली राजाच्या बाजूच्या घोड्याच्या, पाच चाली डी३ च्या उंटाच्या. घोडा शेवटी मारला गेला आणि उंट एका घोड्याच्या बदल्यात गेला. सी१ चा उंट आणि ए१ चा हत्ती मूळ घरातून एकदाही हलले नाहीत. मोहरी बाहेर काढा, एकच मोहरे वारंवार हलवू नका, हे पहिल्या आठवड्यात शिकवलेले नियम जगातल्या सर्वोच्च पातळीवरही असे फणा काढतात.

आता पुन्हा रुबिनस्टाईन. १९०७ साली पोलंडमधल्या लोड्झ शहरात त्याने रोटलेवीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव बुद्धिबळाच्या इतिहासात अमर झालेला आहे, आणि आनंदने स्वतः आपल्या डावाचे त्याच्याशी असलेले साम्य दाखवून दिले होते. तो डाव मेरान नाही, सलामी वेगळी आहे. पण तिथेही अकराव्या ते तेराव्या चालीत पांढऱ्याचा उंट डी३, सी४, पुन्हा डी३ असा फिरतो आणि काळा त्या वेळात बी५ व उं-बी७ खेळून घेतो. तिथेही पांढरा एफ४ खेळून आपल्या राजाभोवतीची जागा उघडी करतो. तिथेही काळ्या घरांतला उंट जी१ च्या कर्णावर शह देतो, राजा एच१ वर जातो, घोडा जी४ वर येतो. रुबिनस्टाईनने तिथे सी८ च्या हत्तीने सी३ चा घोडा मारून वजिराचे बलिदान दिले आणि दुसरा हत्ती डी२ वर टाकून डाव पंचविसाव्या चालीला संपवला. आनंदच्या डावात सी८ चा हत्ती जागचा हलला नाही, पण त्याची नजर त्याच सी३ वर होती. दोन्ही डाव एकामागून एक पटावर खेळा. ज्याने पहिला मनापासून पाहिला आहे त्याला दुसऱ्यातला उं-सी५ ओळखीचा वाटतो.

इथे घरच्या तयारीचा मुद्दा येतो. आनंदने डावानंतर सांगितले की या कल्पनेवरचे काम २०१२ च्या मे महिन्यात मॉस्कोत गेल्फँडविरुद्ध झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यासाठी केलेले होते. पालकांना हे कळले की ते लगेच म्हणतात, ‘म्हणजे शेवटी पाठांतरच ना!’ तसे म्हणता येत नाही. सामन्यासाठी केलेली तयारी शेकडो फाट्यांची असते. आठ महिन्यांनी, घड्याळ चालू असताना, त्यातला नेमका धागा हाती येतो तो चालींच्या क्रमाने येत नाही, मोहऱ्यांच्या नात्यांनी येतो: उंट या दोन कर्णांवर हवेत, घोडा जी४ वर हवा, वजिराला एच फाईल हवी. तुमच्या मुलीच्या आठवणीत चालींचा क्रम आहे, ही नाती अजून बसलेली नाहीत. म्हणून वाट सुटली की आठवण संपते.

वाट सुटते कुठे, तेही पाहू, कारण तिच्या पातळीवर ते ठरावीक दोन-तीन ठिकाणीच सुटते. पहिले म्हणजे सहाव्या चालीला पांढरा उं-डी३ न खेळता व-सी२ खेळतो. पाठ केलेली मुले इथेही डी×सी४ मारून मोकळी होतात, आणि पांढऱ्याचा उंट एफ१ वरून एकाच चालीत सी४ वर येतो. ज्या एका चालीच्या फायद्यासाठी हा सारा खटाटोप होता तोच फायदा हातचा जातो. उंट हललेला नसेल तर मारू नये, उं-डी६ खेळून राजा सुरक्षित करावा आणि वाट पाहावी. कारण कळले असेल तर हे पाठ करावे लागत नाही. दुसरे म्हणजे पांढरा लवकरच सी×डी५ मारतो. तेव्हा ई प्याद्याने परत मारावे. सी८ चा उंट आपोआप मोकळा होतो आणि मेरानची मूळ अडचणच उरत नाही. अशा वेळी मुली नाराज होतात, कारण त्यांना तयार केलेला हल्ला खेळायला मिळत नाही. त्यांना सांगावे की समोरच्याने आपले काम करून दिले आहे.

तिसरी वाट खरोखर अवघड आहे: पाचव्या चालीला ई३ ऐवजी उं-जी५. तिथे डी×सी४ खेळले तर बोटविनिक प्रकाराचे जंगल सुरू होते आणि एच६ खेळले तर मॉस्को प्रकार. दोन्हींचा अभ्यास प्रचंड आहे आणि तो या वयात, शाळा सांभाळून, करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ५... घो(बी)-डी७ ६. ई३ व-ए५ असे खेळून केंब्रिज स्प्रिंग्ज बचावात जावे. नाव अमेरिकेतल्या त्या गावी १९०४ साली झालेल्या स्पर्धेवरून आले. त्यातल्या कल्पना मोजक्या आहेत: ए५ च्या वजिराने सी३ चा घोडा खिळवायचा, उंट बी४ वर आणून त्यावर दाब वाढवायचा, आणि पाचव्या आडव्या रांगेतून जी५ च्या उंटावरही डोळा ठेवायचा. समोरचा जरा बेसावध असेल तर लवकरच काहीतरी पडते.

पुढचा महिनाभर तिच्याकडून एवढेच करून घ्या. अकराव्या चालीनंतरची स्थिती मांडा, नोटेशन बाजूला ठेवा आणि पांढऱ्याकडून तुम्ही किंवा तिची मैत्रीण दर वेळी वेगळी चाल खेळा: कधी बी४, कधी ई४, कधी घो-जी५, कधी उं-डी२ सारखी साधी चाल. प्रत्येक वेळी तिने काळ्याची चाल खेळण्यापूर्वी तोंडाने सांगावे की सी५ आत्ता खेळता येते का, येत नसेल तर का येत नाही. डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे ठेवा. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, डाव संपल्यावरच उघडा, आणि तेही पहिल्या शंकास्पद चालीपुरते. सुरुवातीपासून हिरवे-लाल आकडे पाहत बसले की मूल आकडे पाहायला शिकते, पट पाहायला नाही. बॉनचे ते दोन डाव तूर्त राहू द्या. रेटिंग अठराशेच्या पुढे गेल्यावर, सी५ कधी खेळायचे हे विचारावे लागेनासे झाले की मग ए६ चा रस्ता उघडावा.